नौपाड्यातील स्वातंत्र्यलढ्यांचा अभ्यासवर्ग : १,८०० रुपयांत काय मिळाले

यंदाच्या पावसाळ्यातील दहा रविवार मी ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील सभागृहात काढले. तेथे वसाहतींच्या स्वातंत्र्यलढ्यांवर एक अभ्यासवर्ग भरतो. सकाळी दहा ते साडेबारा ही वेळ, १,८०० रुपये शुल्क, त्यात छापील टिपणांची एक वही, मध्यंतरात चहा आणि नवव्या रविवारी सिद्धगडची सहल असा सगळा मामला आहे. वर्ग दोघेच चालवतात. शिकवतात त्या इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका, ज्यांना वयाने मोठी माणसेही 'बाई' म्हणूनच हाक मारतात. आणि नकाशे, प्रोजेक्टर, चहा, हिशेब हे सारे पाहतो तो त्यांचा एक माजी विद्यार्थी. पुढे काही तक्रारी केल्या आहेत आणि दोन माणसांनी पदरमोड करून चालवलेल्या उपक्रमाला त्या नावानिशी चिकटवाव्यात असे वाटत नाही, म्हणून वर्गाचे नाव लिहीत नाही. ठाणेकरांना ते शोधणे मुळीच अवघड जाणार नाही.

मी ऐरोलीला एका कार्यालयात हिशेब तपासणीचे काम करतो. शाळेत शिकलेला इतिहास १९४७ ला संपला आणि बाकीच्या जगाचा तर सुरूच झाला नाही, ही रुखरुख मनात होती, म्हणून नाव नोंदवले. खरे सांगायचे तर तेजस्वी भाषणे, हुतात्म्यांच्या तसबिरी आणि अंगावर काटा आणणारे प्रसंग एवढीच अपेक्षा होती. बाईंनी पहिल्याच रविवारी फळ्यावर एक प्रश्न लिहिला आणि ती अपेक्षा बाजूला पडली : 'वसाहत राखणे साम्राज्याला परवडेनासे केव्हा होते?' हिशेबनिसाला याहून आपलासा प्रश्न कोणता असणार! दहाही रविवार याच प्रश्नाभोवती बांधलेले होते. जेथे बाईंनी तो घट्ट धरला तेथे वर्ग उत्तम झाला आणि जेथे तो निसटला तेथे तारखांची जंत्री उरली, असे माझे मत आहे.

पहिल्या रविवारचा दुसरा भाग व्याकरणाचा होता आणि तोच मला सर्वांत जास्त आठवतो. बाईंनी प्रत्येकाला भारताच्या स्वातंत्र्याविषयी एक वाक्य लिहायला सांगितले. बावीस जणांपैकी सतरा जणांनी 'भारताला १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य मिळाले' असे लिहिले, तिघांनी 'इंग्रजांनी भारताला स्वातंत्र्य दिले' असे, आणि उरलेल्या दोघांनी 'मिळवले' हे क्रियापद वापरले. बाईंनी 'दिले'खाली लाल रेघ ओढली, 'मिळाले'खाली तुटक रेघ ओढली आणि विचारले, "पोस्टाने आले का हो?" हशा पिकला, पण त्यानंतर उरलेले नऊ आठवडे वर्गात कोणाच्याही तोंडून 'दिले' निघाले की शेजारचा हळूच खोकायचा. हा खेळ वरवरचा नाही, हे इंडोनेशियाच्या पाठाच्या वेळी पटले. सुकर्णो आणि हत्ता यांनी १७ ऑगस्ट १९४५ रोजी जकार्तात स्वातंत्र्य जाहीर केले, डचांनी मात्र चार वर्षे युद्ध करून २७ डिसेंबर १९४९ रोजी सत्ता सोडली आणि पुढे कित्येक दशके तीच तारीख स्वातंत्र्याची म्हणून धरली. १७ ऑगस्ट १९४५ ही तारीख पूर्णपणे मान्य आहे, असे नेदरलँड्सच्या पंतप्रधानांनी आपल्या संसदेत सांगायला २०२३ साल उजाडावे लागले. घेतले की दिले, हा वाद एका तारखेच्या रूपाने पाऊण शतकाहून अधिक काळ चालला होता.

दुसरा रविवार हैतीचा. कॅरिबियन समुद्रातील सेंट-डोमिंग ही फ्रान्सची साखर आणि कॉफी पिकवणारी अतिश्रीमंत वसाहत होती. तेथील गुलामांनी ऑगस्ट १७९१ मध्ये उठाव केला, तुसाँ लूव्हेर्त्यूर यांच्या नेतृत्वाखाली फौज उभी केली आणि नेपोलियनने १८०२ मध्ये पाठवलेल्या सैन्यालाही ते पुरून उरले. त्या सैन्याला लढाईइतकेच पीतज्वराने मारले. तुसाँ कैद होऊन फ्रान्समधील एका थंडगार किल्ल्यात १८०३ मध्ये मरण पावले, पण त्यांचे सेनानी देसालीन यांनी १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्याची घोषणा केली. येथपर्यंतची कथा थोडीफार ठाऊक होती. बाईंचा खरा पाठ त्यानंतर सुरू झाला. फ्रान्सने १८२५ मध्ये १४ युद्धनौका हैतीच्या बंदरात आणून उभ्या केल्या आणि मान्यता हवी असेल तर मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक भरा, असे बजावले. त्या 'नुकसानी'त माणसेही धरलेली होती, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांनी स्वतःचीच किंमत जुन्या मालकांना चुकती करायची होती. पहिला हप्ता ३ कोटींचा. तो भरण्यासाठी हैतीने पॅरिसच्या सावकारी पेढ्यांकडून ३ कोटींचेच कर्ज काढले आणि पेढ्यांनी त्यातले ६० लाख आधीच कापून घेतले. बाईंनी मला फळ्यापाशी बोलावून ही नोंद जमा-खर्चाच्या दोन रकान्यांत लिहायला लावली. मी जमेला २ कोटी ४० लाख, देण्याला ३ कोटी असे लिहिले आणि खडू हातात धरून क्षणभर थांबलो, कारण आमच्या धंद्यात अशी नोंद दिसली की आम्ही त्याखाली शेरा मारतो. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली, तरी या खंडणीपायी काढलेल्या कर्जांची फेड विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. लढाई जिंकल्यावरही हिशेब मिटत नाही, हे इतक्या थेटपणे शिकवणारा दुसरा पाठ वर्गात झाला नाही.

तिसऱ्या रविवारी अमेरिकेच्या तेरा वसाहती आणि संपूर्ण स्पॅनिश अमेरिका उरकण्यात आली, आणि 'उरकण्यात' हाच शब्द योग्य आहे. इदाल्गो यांनी १८१० मध्ये मेक्सिकोत दिलेली हाक, बोलिव्हार, सान मार्तिन, १८२४ ची आयाकुचोची लढाई अशी नावे एकामागून एक आली आणि गेली. त्या स्वातंत्र्यानंतर जमीन कोणाकडे राहिली, मूळ रहिवाशांचे काय झाले, हे प्रश्न एका वाक्यात संपले. वहीतही या भागाला चारच पाने आहेत. ज्यांना हा प्रदेश मुख्यतः समजून घ्यायचा आहे त्यांनी या वर्गाला येऊ नये.

याच्या नेमके उलट व्हिएतनामच्या पाठाचे. त्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा इमारतीच्या आवारात दूधवाल्याची एक जुनी काळी सायकल उभी होती आणि शेजारी नाक्यावरच्या वाण्याकडून आणलेली २५ किलोची तांदळाची चार पोती. दिएन बिएन फूच्या खोऱ्यात फ्रेंचांनी विमानांच्या भरवशावर तळ उभारला होता. चारी बाजूंच्या डोंगरांवर तोफा चढवणे आणि त्यांना व लाखभर माणसांना दारूगोळा-तांदूळ पुरवणे हे रस्त्यांवाचून अशक्य आहे, असे त्यांचे गणित होते. जनरल व्हो न्ग्वेन झ्याप यांच्या माणसांनी तोफा दोरखंडांनी हातांनी ओढून डोंगरात खोदलेल्या खंदकांत बसवल्या आणि अडीच लाखांहून अधिक हमालांनी, त्यातल्या हजारोंनी सायकली ढकलत, रसद पोहोचवली. एका सायकलवर २०० किलो आणि त्याहूनही अधिक वजन लादले जाई. हे वाचून समजते, पण पटत नाही. म्हणून ही सायकल.

बाईंच्या विद्यार्थ्याने हँडलच्या डाव्या टोकाला हातभर लांब बांबू आडवा बांधला आणि दुसरा बांबू सीटच्या मागे उभा खोचला. चालणाऱ्याने सायकलच्या बाजूला राहायचे, एका हाताने हँडलचा बांबू धरून दिशा द्यायची आणि दुसऱ्या हाताने मागचा बांबू रेटायचा. पहिली दोन पोती आम्ही हौसेने मागच्या कॅरिअरवर टाकली, तोच वागळे इस्टेटमधील एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले आमच्या वर्गातले एक काका पुढे आले. "अहो, मागे नको, रिम बसेल. मधल्या नळीच्या दोन्ही अंगांना लोंबवा, वजन जमिनीच्या जवळ येऊ द्या," असे म्हणून त्यांनी स्वतःच पोती उतरवली आणि दोरीने नळीवर झोळीसारखी बांधली. चारही पोती चढल्यावर फाटकापासून पिंपळापर्यंत तीस पावले जायचे होते. पेव्हर ब्लॉक पावसाने ओले होते. मी अकराव्या पावलाला सायकल भिंतीला टेकवली. कोपरखैरण्याहून येणारी अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी मात्र पिंपळाला वळसा घालून परत आली. १०० किलो, सपाट जमीन, तीस पावले. तिकडे दुप्पट वजन, डोंगर, रात्र आणि वर विमाने. १३ मार्च १९५४ ला सुरू झालेला वेढा ७ मे रोजी फ्रेंचांच्या शरणागतीने संपला आणि दुसऱ्याच दिवशी जिनिव्हात इंडोचीनविषयीची चर्चा सुरू झाली, या दोन तारखा बाईंनी सायकलच्या शेजारी उभे राहूनच सांगितल्या. वाटाघाटींच्या टेबलावर कोण किती ताठ बसतो हे कोठे ठरते, ते वेगळे सांगावे लागले नाही. एका पोत्याची शिवण उसवून दोन किलो तांदूळ सांडला. तो वर्गाच्या खर्चात पडला आणि कबुतरांच्या जमेला गेला.

पाचवा रविवार ठाण्याच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात भारतीय नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला आणि पाहता पाहता तो मुंबईपासून कराचीपर्यंतच्या जहाजांवर पसरला. बाईंनी नाविकांच्या मागण्या कागदावर वाटल्या आणि यातली कोणती मागणी वेगळी वाटते ते शोधा, असे सांगितले. चांगले अन्न, गोऱ्या नाविकांइतका पगार, उद्दाम अधिकाऱ्यावर कारवाई, आझाद हिंद सेनेच्या व इतर राजकीय कैद्यांची सुटका. आणि या सगळ्यांबरोबर इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलवा, ही मागणी. ज्या माणसांना धड डाळ मिळत नव्हती त्यांनी इंडोनेशियाची चिंता का वाहावी, असा प्रश्न त्याच विद्यार्थिनीने विचारला आणि त्याच्या उत्तरात वर्गाचा पुढचा दीड तास गेला.

जपानने शरणागती पत्करल्यावर जपानी सैन्याची शस्त्रे घ्यायला आणि युद्धकैदी सोडवायला इंग्रजांनी इंडोनेशियात जी फौज उतरवली, तिच्यात बहुसंख्य सैनिक भारतीय होते. मागोमाग डच परतणार हे इंडोनेशियनांना दिसत होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये सुराबाया शहरात घनघोर लढाई झाली. एका पारतंत्र्यातील देशाचे सैनिक दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर गोळ्या झाडत होते, आणि त्यांतले काही जण बाजू बदलून इंडोनेशियनांना मिळाले. तिकडे ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत गोदी कामगारांनी शस्त्रे आणि सैनिक नेणाऱ्या डच जहाजांवर बहिष्कार टाकला होता आणि त्यांच्या बरोबरीने भारतीय खलाशीही जहाजांवरून उतरले होते. साम्राज्ये जहाजांवर चालत आणि जहाजे चालवणारी माणसे वसाहतींची होती. नाविक एका बंदरातली बातमी दुसऱ्या बंदरात नेतो, म्हणून ही मागणी त्या कागदावर आली, असे बाईंचे म्हणणे. मला ते पटले. संपात सामील झालेल्या केंद्रांच्या यादीत ठाण्याच्या कोलशेत येथील 'अकबर' हे केंद्रही आहे. कोलशेतला माझ्या मावशीचे घर आहे, त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन; यापुढे जाईन तेव्हा उंच इमारतींकडे पाहताना खाडीकडेही नजर जाईल.

येथे बाईंचा एक गुण नोंदवला पाहिजे. वर्गातील एका उत्साही गृहस्थांनी, सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी येणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांच्या मंडळाची, म्हणजे कॅबिनेट मिशनची, घोषणा १९ फेब्रुवारीला म्हणजे संपाच्या दुसऱ्याच दिवशी झाली, तेव्हा नाविकांनीच इंग्रजांना घालवले, असा निष्कर्ष काढला. त्यांना टाळ्याही मिळाल्या. बाईंनी टाळ्या संपू दिल्या आणि मंडळ पाठवण्याचा निर्णय लंडनमध्ये त्याआधीच झालेला होता, हे तारखांनिशी दाखवले. संपाचा परिणाम झाला तो पुढच्या महिन्यांत, सैन्याच्या निष्ठेवर विसंबून आता हा देश राखता येणार नाही, ही जाणीव पक्की होण्यात. आवडत्या मतालाही पुराव्याची चाळणी लावणारा शिक्षक सार्वजनिक वर्गांत क्वचितच भेटतो.

आयर्लंडचा पाठ टिपणांत रोडावलेला आहे, पण प्रत्यक्षात रंगला तो एका प्रश्नामुळे. १९१९ मध्ये आयरिश प्रतिनिधींनी लंडनच्या संसदेत न बसता डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली आणि पुढे स्वतःची न्यायालये उघडली. लोक जमिनीचे तंटे तेथे नेऊ लागले आणि सरकारी न्यायालयांत बाके रिकामी पडली. साताऱ्याकडच्या एका आजींनी विचारले, "बाई, मग हे आमच्या पत्री सरकारासारखंच झालं की!" वहीत साताऱ्याचा उल्लेखही नव्हता. चहानंतरचा सगळा वेळ बाईंनी वही मिटून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारासाठी दिला : १९४३ पासून गावोगाव चाललेली न्यायदान मंडळे, सावकारी आणि दारूविरुद्धची कारवाई, गुंडांचा बंदोबस्त. कर, न्याय आणि बंदोबस्त ही सरकारची तीन कामे लोकांनी आपल्या हातात घेतली की परकी सत्ता कागदावर उरते, हे सूत्र दोन्हीकडे सारखे दिसते. माझे गाऱ्हाणे इतकेच की ठाण्यात मराठीतून चालणाऱ्या वर्गाच्या छापील टिपणांत हे आधीपासून असायला हवे होते; दर तुकडीला साताऱ्याच्या आजी भेटतील याची खात्री नाही.

अल्जीरियाचा रविवार अवघड होता आणि बाईंनी तो सोपा करण्याचा मोह टाळला. १ नोव्हेंबर १९५४ रोजी सुरू झालेल्या या युद्धात फ्रान्सने चार लाखांहून अधिक सैनिक उतरवले, १९५७ मध्ये अल्जीयर्स शहरातील बंडखोरांचे जाळे छळ करून मोडून काढले, म्हणजे लष्करी दृष्ट्या सरशीच केली. आणि तरीही मार्च १९६२ मध्ये एव्हियाँ येथे करार करून त्याला निघावे लागले. कॅफेंमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्यांना काय म्हणायचे, यावर वर्गात दोन तट पडले. बाईंनी निकाल दिला नाही, पण दोन्ही बाजूंना मेलेल्यांविषयी बोलताना संख्या सांगून थांबू नका, अशी ताकीद दिली. चर्चा साडेबाराला तोडावी लागली हे वाईट झाले. खालच्या मजल्यावर दुपारी एक वाजता साखरपुडा होता आणि मांडववाले जिन्यात खुर्च्या घेऊन उभे होते.

आता मुख्य तक्रार. संपूर्ण आफ्रिका एका रविवारात कोंबली आहे. घानाचा भाग चांगला झाला : १९४८ चा आयात मालावरील बहिष्कार, त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला आक्रा येथे निवृत्तिवेतनाची गाऱ्हाणी घेऊन निघालेल्या माजी सैनिकांवर झालेला गोळीबार, तेथील नेते एन्क्रुमा यांनी गांधीजींचा धडा गिरवत १९५० मध्ये पुकारलेले आंदोलन आणि ६ मार्च १९५७ चे स्वातंत्र्य. गिनी या फ्रेंच वसाहतीने १९५८ च्या सार्वमतात फ्रान्सचे नेते द गॉल यांना 'नाही' म्हटले, तेव्हा फ्रेंच अधिकारी जाताना काय काय उचलून घेऊन गेले, हेही ऐकण्यासारखे होते. पण केनियाला वीस मिनिटे आणि १९६० साली स्वतंत्र झालेल्या आफ्रिकेतील सतरा देशांना एक नकाशा एवढेच आले. केनियातील छावण्यांत झालेल्या छळाबद्दल ब्रिटिश सरकारने २०१३ मध्ये पाच हजारांहून अधिक वृद्धांना भरपाई मान्य केली, ही बाब 'परवडणे' या बाईंच्या प्रश्नाला किती पुढे नेणारी आहे! ती पडद्यावर एक ओळ होऊन सरकली.

त्याहून मोठी उणीव पोर्तुगीज वसाहतींची. अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाऊ यांना तळटीप मिळाली आणि गोव्याला तीही नाही. ज्या शहरातला किल्ला पोर्तुगीजांनी बांधला, मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला, इंग्रजांनी १७७४ मध्ये जिंकला आणि पुढे तुरुंग करून तेथे १९१० मध्ये अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिले, त्या शहरात पोर्तुगालला विसरणे मला अक्षम्य वाटते. आमच्याच सोसायटीतले एक आजोबा १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात गोव्याच्या सीमेवर होते. त्या दिवशी निःशस्त्र माणसांवर गोळ्या चालून वीसहून अधिक मरण पावले. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांची राजवट गोव्याला वसाहत मानतच नसे, तो 'सागरापारचा प्रांत' होता; म्हणून डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य शिरले तेव्हा अखेरच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम लिस्बनहून आला. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी तो न पाळता शरणागती दिली आणि मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी अंगोलात युद्ध पेटले होते. आफ्रिकेतील ही युद्धे तेरा वर्षे चालून पोर्तुगालच्याच सैन्याला नकोशी झाली आणि २५ एप्रिल १९७४ रोजी सैनिकांनी लिस्बनमधील हुकूमशाही उलथवली. म्हणजे येथे वसाहतींच्या लढ्याने मालक देशालाही मोकळे केले. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले तेही त्यानंतर, १९७४ च्या अखेरीस. गोवा आणि आफ्रिका जोडणारी माणसेही आहेत. नैरोबीत जन्मलेले मूळ गोव्याचे पियो गामा पिंटो गोव्याच्या मुक्तीसाठी झटले आणि केनियाच्या लढ्यात वर्षानुवर्षे स्थानबद्ध राहिले. परवडण्याचा प्रश्न विचारणाऱ्या वर्गाला याहून चपखल उदाहरण कोठे मिळणार?

सहलीविषयी लिहायचे तर बस सकाळी सहाला तीन हात नाक्यावर येणार होती, ती पावणेआठला आली. चालकाने आधीचे एक भाडे उरकल्याचे निःसंकोचपणे सांगितले. त्यामुळे मुरबाडचा नाश्ता बुडाला आणि सिद्धगडच्या पायथ्याशी पोहोचेतो पाऊस धरला. भाई कोतवाल हे माथेरानचे वकील. 'छोडो भारत' नंतर त्यांच्या आझाद दस्त्याने डोंगरांतील जलविद्युत केंद्रांतून मुंबईकडे जाणाऱ्या तारांचे मनोरे कापून पाडले, आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी गाठून त्यांना आणि हिराजी पाटील यांना ठार केले. स्मारकापाशी बाई छत्री धरून जेमतेम दहा मिनिटे बोलल्या, कारण परतीची वेळ चालकाने आधीच ठरवून टाकली होती. तेवढ्यातही, त्या तारा तुटल्यावर मुंबईत नेमके काय थांबते, गिरणीचा माग की साहेबाच्या घरचा पंखा, हा त्यांचा प्रश्न पावसात भिजत ऐकण्याच्या योग्यतेचा होता. शुल्कात सहल धरलेली असेल तर वाहनाची नीट व्यवस्था ही चालकांची नव्हे, आयोजकांची जबाबदारी आहे, हे मी त्यांना लेखी कळवले आहे.

टिपणांची वही झेरॉक्सवर काढलेली आहे. मजकूर नेमका आहे, पण नकाशे इतके काळे आले आहेत की पान चौदावरचा इंडोचीन आणि पान एकवीसवरचा अल्जीरिया यांत फरक करता येत नाही. ध्वनिक्षेपक नसल्याने मागच्या दोन रांगांत बाईंचा आवाज पंख्यांच्या घरघरीत विरतो. वाहन ठेवायला जागा नाही, म्हणून स्टेशनवरून चालत यावे. दहा मिनिटे लागतात. चहा मात्र आल्याचा आणि गरम असतो.

नवी मुंबईहून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बर लोकल सोयीची आहे, फक्त मेगाब्लॉकचा रविवार आधी पाहून ठेवावा. मी दोनदा फसलो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी यावे, पण परीक्षेसाठी मुद्दे हवे असतील तर येऊ नये. निवृत्त मंडळींनी अवश्य यावे, कारण वर्गातील चांगले प्रश्न बहुतेक त्यांचेच होते. शेवटच्या दिवशी अभिप्रायाच्या कागदावर मी गोव्याविषयी वर लिहिले आहे ते सारे लिहून दिले. दुसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. दिवाळीनंतरची तुकडी अकरा रविवारांची असेल, वाढीव रविवार पोर्तुगालचा, शुल्क २,००० रुपये; आणि "तुमच्या सोसायटीतल्या त्या आजोबांना घेऊन याल का?" असे त्यांनी विचारले. आजोबांचे गुडघे पहिला मजला चढू देत नाहीत, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या की मग त्या दिवशी वर्ग आवारात, पिंपळाखाली भरवू. आजोबांनी अजून होकार दिलेला नाही. पण परवा मी गेलो तेव्हा त्यांनी कपाटातून जुन्या कागदांची पिशवी काढून दिवाणावर ठेवलेली होती.